साखर सोडली की कॅन्सर उपाशी मरतो का? पेशीच्या दारांबद्दल थोडं

पेशीवेडी

मंडळी, हा धागा काढायचं कारण माझी मावशी. इचलकरंजीला असते, वय ६१, ब्रेस्ट कॅन्सर, सर्जरी झाली आणि आता केमो चालू आहे. दुसऱ्या केमोनंतर कुणीतरी फॉरवर्ड पाठवला की कॅन्सर साखरेवर जगतो, साखर तोडा, गाठ उपाशी मरेल. आधी चहातली साखर गेली, ते ठीक आहे, मग गूळ गेला, मग फळं, मग भात, मग भाकरी. पाच आठवड्यांनी मी भेटायला गेले तर हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. सहा किलो वजन उतरलेलं. अशक्तपणा बघून डॉक्टरांनी पुढची केमो दहा दिवस पुढे ढकलली. मला म्हणाली, "अगं मी त्याला मारायला उपाशी राहतेय." त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लिहायला बसलेय.

माझं काम पेशी वाढवायच्या लॅबमधलं, बारा वर्षं झाली. मी डॉक्टर नाहीये, कुणाच्या औषधाबद्दल बोलणार नाही. पण पेशी काय खाते आणि ते तिच्या आत कसं जातं हे मी रोज बघते, तेवढंच सांगते.

फॉरवर्डमधलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं पटतं. कॅन्सरच्या पेशी ज्या द्रवात वाढवतो त्याला आम्ही मीडियम म्हणतो, त्यात एक रंग घातलेला असतो, ताजं असताना लालसर गुलाबी. फ्लास्कमध्ये पेशी टाकून इनक्युबेटरमध्ये ठेवलं आणि त्या नीट वाढल्या की दोन-तीन दिवसांत मीडियम केशरी होतं आणि मग चक्क पिवळं, कारण पेशींनी ग्लुकोज ओढून त्याचं लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकलेलं असतं. सोमवारी सकाळी दार उघडल्यावर पिवळा फ्लास्क दिसला की समजायचं, शनिवार-रविवारात यांनी ताट चाटूनपुसून साफ केलंय.

हेच ऑटो वॉरबर्गने १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये पाहिलं होतं. ऑक्सिजन भरपूर असतानाही गाठीच्या पेशी ग्लुकोज पूर्ण न जाळता लॅक्टिक आम्ल करतात. (फॉरवर्डमध्ये "यासाठी त्याला नोबेल मिळालं" असं असतं, ते चूक. १९३१चं नोबेल श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी होतं.) पेशीतली भट्टी बिघडल्यामुळे असं होतं असं त्याला वाटायचं, पण नंतर कळलं की बहुतेक कॅन्सर पेशींची मायटोकाँड्रिया, म्हणजे हीच भट्टी, चालू असतात. मग एका ग्लुकोजमधून ३०च्या आसपास एटीपी (पेशीची ऊर्जेची नाणी) मिळू शकत असताना २ वर का भागवायचं? कारण भराभर दुप्पट होणाऱ्या पेशीला नुसतं सरपण नको असतं, विटाही लागतात, डीएनए, आवरणाची चरबी, अमिनो आम्लं, आणि त्यासाठी लागणारा कार्बन ग्लुकोजच्या मधल्या टप्प्यांवरूनच उचलला जातो.

आता दारं. पेशीचं आवरण तेलकट, ग्लुकोज पाण्यात विरघळणारं, ते आपलं आपण आत जाऊच शकत नाही. त्यासाठी आवरणात वाहक प्रथिनं बसवलेली असतात. ग्लुकोजसाठीचं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे ग्लूट-१. माणसाच्या ग्लूट-१ची रचना २०१४मध्ये चीनमध्ये नियेंग यान यांच्या गटाने दाखवली. आवरणातून १२ वेळा आरपार ये-जा करणारी प्रथिनाची एक साखळी आहे. आणि हे भोक नाहीये बरं का! आमच्या कल्चर रूमच्या भिंतीत पास-बॉक्स असतो, बाहेरून सामान ठेवायचं, बाहेरचं दार लावायचं, मगच आतलं दार उघडतं, दोन्ही एकदम कधीच उघडत नाहीत. ग्लूट-१ अगदी तसंच. ग्लुकोजचा रेणू बाहेरून येऊन बसतो, प्रथिन वळतं, बाहेरची बाजू मिटते, आतली उघडते.

कॅन्सरची पेशी काय करते, तर ही दारं वाढवते. मिक हे वाढीचं जनुक, पीआय३-कायनेज हे वाढीचा निरोप पोचवणारं एन्झाइम, ऑक्सिजन कमी पडला की जागा होणारा एचआयएफ-१, या सगळ्यांकडून हुकूम सुटतो की ग्लूट-१ बनवा आणि आवरणावर पाठवा.

आणि माझा सगळा मुद्दा इथे आहे. ग्लूट-१ अगदी थोड्या ग्लुकोजवरही भागवून घेतं. रक्तात साधारण ५० एमजीच्या आसपास साखर असली तरी ते निम्म्या वेगाने चालतं, आणि उपाशीपोटी आपली साखर ८०-९० असते. मावशीने भाकरी सोडली म्हणून तिची साखर ५०वर येत नाही, शरीर ती येऊच देत नाही, कारण मेंदूला आणि लाल पेशींना ग्लुकोज लागतंच (लाल पेशींत मायटोकाँड्रियाच नसतात, त्या पूर्ण ग्लुकोजवर जगतात, आणि त्यांच्या आवरणावरही हेच ग्लूट-१ असतं). मग यकृत ग्लुकोज तयार करतं. कशापासून? बऱ्याच अंशी स्नायू वितळवून निघालेल्या अमिनो आम्लांपासून. म्हणजे गाठीच्या दारात ग्लुकोज पोचतंच, फक्त ते मावशीच्या दंडातून काढलेलं असतं.

मावशीला हे फोनवर सांगितलं, तिला अजून पटलेलं नाही. तुम्ही कुणी घरात असं बघितलंय का? कसं समजावलंत?

---

रानजाई

पेशीवेडी, वाचता वाचता डोळ्यात पाणी आलं, आमच्याकडे सासूबाईंच्या वेळी हेच झालं होतं, त्यांनी तर दूधही सोडलेलं.

एक शंका. सासऱ्यांना आता पेट स्कॅन सांगितलाय. साखर आणि गाठीचा संबंध नसेल तर स्कॅनच्या आधी सहा तास उपाशी का ठेवतात? आम्ही गेलो तर बोटातून साखर बघितली, २४० निघाली, आणि आम्हाला परत पाठवलं. त्यांना डायबेटिस आहे. एवढ्या लांबून गाडी करून गेलो होतो, आणि काउंटरवर कुणी धड कारणही सांगितलं नाही.

---

पेशीवेडी

रानजाई, संबंध नाही असं नाहीये गं, संबंध आहे म्हणूनच तो स्कॅन चालतो! पेट स्कॅन म्हणजे या दारांचाच फोटो समज. एफडीजी नावाचं ग्लुकोजसारखं दिसणारं औषध शिरेतून देतात, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चिकटवलेलं असतं. ग्लूट-१ फसतं, त्याला ग्लुकोज समजून आत घेतं. आत हेक्झोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला फॉस्फेटची खूण लावतं आणि मग ते पुढेही जाऊ शकत नाही आणि बाहेरही येऊ शकत नाही, अडकतं. जिथे दारं जास्त तिथे जास्त अडकतं, तिथे चमकतं.

आता २४० साखर म्हणजे दाराशी खऱ्या ग्लुकोजची एवढी गर्दी की एफडीजीला शिरायला वावच नाही, फोटो फिका येतो. आणि खाऊन आलं की इन्सुलिन वाढतं, इन्सुलिनमुळे स्नायूंतलं ग्लूट-४ हे ग्लुकोजचं दुसरं दार पेशीच्या आतून वर आवरणावर येतं, आणि सगळं औषध दंड-मांड्या ओढून घेतात. म्हणून उपाशी. ती उपासमार काही तासांची, फोटो नीट यावा म्हणून. गाठ मरावी म्हणून नाही.

---

किरणवाला

मी मुंबईत न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्निशियन आहे, १४ वर्षं. ताईंनी बरोबर सांगितलंय, थोडी भर घालतो. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, ते सायक्लोट्रॉनमध्ये (किरणोत्सारी पदार्थ बनवायचं यंत्र) तयार होऊन आमच्याकडे येईपर्यंत घड्याळ चालूच असतं, म्हणून एक पेशंट उशिरा आला की पुढच्या सगळ्यांचं गणित बिघडतं. लोक चिडतात पण खरंच आमच्या हातात नसतं. भारतात पहिला पेट स्कॅनर आणि मेडिकल सायक्लोट्रॉन २००२मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटरला आला.

इंजेक्शननंतर तासभर आम्ही पेशंटला खुर्चीत गप्प बसवतो, फोन नाही, गप्पा नाहीत, च्युइंगम नाही. कारण जो स्नायू काम करेल तो एफडीजी खाईल. एक आजी तासभर पुटपुटत जप करत होत्या, फोटोत जीभ आणि घसा लखलखीत. दुसरं म्हणजे थंडी. खोलीत एसी असतो, पेशंट कुडकुडला की मानेजवळची तपकिरी चरबी (ऊब तयार करणारी) पेटते आणि तिथे गाठ असल्याचा भास होतो, म्हणून ब्लँकेट देतो.

मेंदू आणि मूत्राशय नेहमीच चमकतं, रिपोर्ट न वाचता नुसता फोटो बघून नातेवाईक घाबरतात, तर कृपया घाबरू नका.

---

पेशीवेडी

किरणवाला, मूत्राशयाचं कारण तर या धाग्यासाठीच केल्यासारखं आहे! किडनीत गाळलेलं ग्लुकोज परत रक्तात घेणारी दारं वेगळी, एसजीएलटी म्हणतात, आणि ती चोखंदळ आहेत, एफडीजीला ओळखतच नाहीत. म्हणून खरं ग्लुकोज परत येतं आणि एफडीजी लघवीत जातं. ग्लूट-१ जिथे फसतं तिथे एसजीएलटी फसत नाही.

---

कऱ्हाडचा शेतकरी

ताई लय चांगलं लिवलंय. मी बारावी झालोय, पण मला जे समजलं ते सांगतो चुकलं तर सांगा. उसात तण वाढलं म्हणून जर मी खतच बंद केलं तर आधी ऊस पिवळा पडणार, तणाला काय फरक पडत नाय, त्याची मुळं कुठनं पण ओढतात. आमच्या आबांना जिभेचा कॅन्सर झालता, तंबाखू होती, त्यांना गिळता येत नव्हतं तरी नाकातल्या नळीनं डाळीचं पाणी, अंडं, दूध सगळं दिलं आमच्या आईनं, डॉक्टर म्हनले वजन राहिलं म्हणून रेडिएशन पूर्ण झालं.

माझा प्रश्न. तण मारायला जसं फक्त रुंद पानावर चालणारं औषध मिळतं तसं फक्त या दारावर बसणारं औषध नाय का काढलं अजून?

---

पेशीवेडी

दादा, तुमचं उदाहरण मी मावशीला जसंच्या तसं सांगणार आहे. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्नाचं उत्तर जरा लांब आहे. ग्लूट-१ सरळ बंद करणं अवघड, कारण मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवरही तेच आहे. काही मुलांमध्ये या जनुकाची एक प्रत जन्मतः बिघडलेली असते, तर अर्धीच दारं असल्यामुळे त्यांना फिट्स येतात. म्हणजे तणाचं आणि पिकाचं पान इथे एकसारखं आहे.

पण कॅन्सर फक्त ग्लुकोजवर जगत नाही. रक्तात सगळ्यात जास्त असलेलं अमिनो आम्ल म्हणजे ग्लुटामिन, ते एएससीटी-२ या दारातून येतं. १९५५मध्ये हॅरी ईगलने दाखवलं की फ्लास्कमधल्या पेशींना ग्लुटामिन इतर अमिनो आम्लांपेक्षा कितीतरी जास्त लागतं, आजही आम्ही मीडियममध्ये ते घालतो. आणि शरीरात ग्लुटामिन प्रामुख्याने बनतं कुठे? स्नायूंत. साखर सोडणारं कुणी याचा विचार करत नाही.

मला सगळ्यात आवडणारं दार म्हणजे लॅट-१. १९९८मध्ये जपानमध्ये कानाई आणि एन्दोऊ यांच्या गटाने शोधलं. ते अदलाबदलीवर चालतं, आतलं एक अमिनो आम्ल, बऱ्याचदा ग्लुटामिन, बाहेर द्यायचं आणि ल्युसिनसारखं एक आत घ्यायचं, एकास एक. म्हणजे आधी एका दाराने ग्लुटामिन साठवायचं आणि ते मोजून दुसऱ्या दाराने ल्युसिन विकत घ्यायचं. ल्युसिन आत आलं की एमटॉर नावाचं प्रथिन समजतं की माल आलाय, वाढ चालू करा. हे दार अडवणारं नानवुरानलॅट नावाचं औषध जपानमध्ये पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत गेलं आणि आजार पुढे सरकायचा वेग थोडा कमी झाल्याचं दिसलं. थोडाच, पण माणसांमध्ये दिसलं.

तिसरं, कचरा बाहेर टाकायची दारं, एमसीटी-१ आणि एमसीटी-४. ते जे पिवळं मीडियम सांगितलं, ते आम्ल यातूनच बाहेर येतं. शरीरात ते गाठीभोवती साचतं आणि लढायला आलेल्या टी पेशी तिथे मलूल पडतात. काही गाठींमध्ये तर ऑक्सिजन मिळणाऱ्या पेशी शेजारणीने टाकलेलं लॅक्टेटच (तेच लॅक्टिक आम्ल) एमसीटी-१ने आत घेऊन जाळतात आणि ग्लुकोज आतल्या गुदमरलेल्या पेशींसाठी उरतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अर्धा तास तशीच बसून होते. एमसीटी-१ बंद करणारं औषध ब्रिटनमध्ये माणसांवर तपासलं गेलं, तेव्हा मात्रा वाढवल्यावर डोळ्यांच्या तपासणीत बदल दिसले, कारण दृष्टिपटलालाही तेच दार लागतं. बदल परतले, पण मात्रेला मर्यादा आली. पीक आणि तण, तुमचंच म्हणणं.

आणि दार बंद करण्याऐवजी दारातून विष पाठवणं, हे तर कधीपासून चालू आहे. मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध फोलेट या जीवनसत्त्वासारखं दिसतं, फोलेटच्याच वाहकातून पेशीत शिरतं आणि आत गेल्यावर डीएनएचं काम थांबवतं. ज्या पेशी तो वाहक कमी करतात त्या औषधाला दाद देत नाहीत. या घराण्यातली सुरुवातीची औषधं अमेरिकेत लेडर्ले कंपनीत तयार झाली, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. हे नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

---

एडिसनकर

न्यू जर्सीहून. लेख चांगला आहे पण थोडं एकतर्फी वाटतंय. इथे कीटो डाएटवर (कार्ब जवळजवळ नाही, चरबी जास्त) कॅन्सरमध्ये सीरियस रिसर्च चालू आहे, मी स्वतः दोन वर्षं कीटोवर आहे आणि एनर्जी छान आहे. सगळंच बोगस म्हणून उडवून लावू नये असं वाटतं.

---

पेशीवेडी

एडिसनकर, बोगस म्हटलेलं नाही मी, आणि तुमचा मुद्दा घेतेय. २०१८मध्ये अमेरिकेतले संशोधक लुइस कँटली यांच्या गटाचं काम आलं, पीआय३-कायनेज अडवणारी औषधं दिली की साखर वाढते, मग इन्सुलिन उसळतं आणि ते इन्सुलिन औषधाचा परिणाम पुसून टाकतं, उंदरांना सोबत कीटो आहार दिल्यावर औषध जास्त चाललं. मला ते काम फार आवडतं. पण त्यात काय आहे बघा, ठरावीक औषध, ठरावीक कारण, आणि उपासमार नाही, कॅलरी चरबीतून मिळतायत. त्याच कामात ल्युकेमियाच्या एका प्रकारात नुसत्या कीटोने उंदरांचा आजार उलट वेगाने वाढला. आणि चरबीलाही दार असतंच. २०१७मध्ये बार्सिलोनाच्या गटाने तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी उंदरांत वाढवून दाखवलं की सीडी-३६ हा चरबी ओढणारा वाहक ज्या पेशींवर जास्त, त्याच पेशी दुसरीकडे पसरतात, आणि चरबीयुक्त आहाराने ते वाढतं. उंदरातलं आहे, यावरून कुणी तूप सोडू नका प्लीज! पण निरोगी माणसाने आपल्या मर्जीने कीटो करणं वेगळं आणि केमोवरच्या बाईने एकटीने अन्न तोडणं वेगळं, एवढंच माझं म्हणणं.

---

समईची_वात

मी थायरॉइड कॅन्सरमधून बरी झालेय. मला तर डॉक्टरांनीच सांगितलं होतं दोन आठवडे आयोडीनवालं मीठ बंद, मासे बंद, बेकरी बंद. ते पण असंच फुकटचं होतं का? आता मनात आलं म्हणून विचारते.

---

पेशीवेडी

समई, नाही गं, अजिबात नाही! तुझं उदाहरण तर मी पहिल्याच पोस्टमध्ये द्यायला हवं होतं. थायरॉइडच्या पेशींवर आयोडीन ओढणारा एक खास वाहक असतो, एनआयएस, आणि थायरॉइडच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये तो टिकून राहतो. शरीरातलं साधं आयोडीन आधी कमी करायचं, थायरॉइडला चालना देणारं टीएसएच हार्मोन वाढवून दारं वाढवायची, आणि मग किरणोत्सारी आयोडीन-१३१ द्यायचं, पेशी भुकेलेल्या असतात, गपकन ओढतात आणि त्याच किरणांनी मरतात. इथे आहार कामाचा ठरतो कारण आयोडीन शरीर बनवू शकत नाही, बाहेरून येतं तेवढंच. ग्लुकोज शरीर बनवतं. तू जे दोन आठवडे अळणी खाल्लंस त्याचा खरंच उपयोग झाला.

---

समईची_वात

बरं वाटलं वाचून. मी तेव्हा घरीच खडे मीठ, तेही आयोडीन नसलेलं शोधून आणलेलं, सांडगी मिरची पण वेगळी केली होती.

---

पेशीवेडी

अपडेट. रविवारी इचलकरंजीला जाऊन आले. दादांचं तणाचं उदाहरण मावशीला लगेच समजलं, माहेरी शेतीच होती. तिच्या हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंशी फोन लावून दिला, त्यांनी मुगाची खिचडी, दही, अंडी, भाकरी, आणि दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं असं लिहून दिलं. चहात साखर नको ही तिची स्वतःची अट, ती आम्ही मानली. मी असताना अर्धी भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली. वजनकाटा पलंगाखाली ठेवून आलेय, दर रविवारी मामेभाऊ आकडा कळवणार आहे.

---

रानजाई

किती छान. किरणवाला दादा, सासऱ्यांचा स्कॅन परत लागलाय, पुढच्या गुरुवारी. ते डायबेटिससाठी मेटफॉर्मिन घेतात, त्याचं काय करायचं?

---

किरणवाला

ताई, मेटफॉर्मिनमुळे आतडं फार चमकतं, त्यामागे काही असेल तर झाकलं जातं, म्हणून बऱ्याच ठिकाणी दोन दिवस आधी थांबवायला सांगतात. पण साखर आधीच २४० होती म्हणता, तर आपल्या मनाने थांबवू नका, साखरेच्या डॉक्टरांना आणि स्कॅन सेंटरला दोघांनाही आजच फोन करा. सकाळची पहिली वेळ मागून घ्या, डायबेटिसवाल्यांना ती सोयीची पडते. आदल्या दिवशी फार चालणं, ओझं उचलणं नको.

---

रानजाई

लगेच करते फोन.

---

पेशीवेडी

आणि जाताना शाल ने गं त्यांच्यासाठी.